पाणथळीतला मंडप: कमळ की घरटं, हे शेवटी ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. चांदोरी-सायखेडा पट्ट्यात वडिलोपार्जित जमीन, उत्तरेला गोदावरी. नदीकडच्या अंगाची दीड एकर पाणथळ, वहितीखाली नाही. पावसाळ्यात गुडघाभर पाणी, दिवाळीपर्यंत चिखल, नंतर पाणकणीस आणि बदकं. २०१९च्या पुरात तिथे छातीच्या वर पाणी होतं. या जागी सहा-आठ जणांना शांत बसता येईल असा, निसर्गातून सुचलेला मंडप बांधायचा आहे. आईवडील सत्तरीपुढचे आहेत, त्यांनाही जाता यावं. एका आर्किटेक्टने कमळाचा आकार दिलाय, दुसऱ्याने सुगरणीच्या घरट्याचा. कुठला घ्यावा? आणि मंडप तरंगता बरा की खांबांवरचा?

आकाराचे दोन्ही कागद तूर्त कपाटात ठेवा. पाणथळीत आकार हा सगळ्यात सोपा भाग असतो. अडतं ते तीन ठिकाणी: पाणी कुठवर चढतं, कठीण जमीन किती खाली लागते, आणि तिथे बसलेल्या माणसाची नजर कुठे जाते. या तिन्हींची उत्तरं हातात आली की निम्मा मंडप आपोआप ठरतो. ती न घेता काढलेलं कमळ पहिल्या पुरात पाकळ्या मिटतं.

त्याआधी एक कागदाचं काम. सातबारा आणि गाव नकाशा घेऊन बसा आणि ती दीड एकर नक्की कोणाची आहे ते बघा. नदीकाठच्या बऱ्याच जमिनी बंधाऱ्याच्या फुगवट्यासाठी पूर्वीच संपादित झालेल्या असतात आणि गाळपेरीला, म्हणजे पाणी ओसरल्यावर गाळात पीक घ्यायला, म्हणून तेच कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या कसत असतं. गाळपेर असेल तर तिथे बांधकामाचा विषयच संपला. जमीन तुमचीच असली तरी पूररेषा बघा. आपल्याकडे निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतल्या पुराची धरतात. निळ्या रेषेच्या आत पक्कं काही बांधू देत नाहीत. तुमच्या खालच्या अंगाला नांदूर मधमेश्वर आहे, जानेवारी २०२०मध्ये जाहीर झालेलं महाराष्ट्राचं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ. अभयारण्याची आणि त्याभोवतीच्या संवेदनशील क्षेत्राची हद्द तुमच्या गटापर्यंत येते का, हे वन विभागाकडून लेखी घ्या. पाणथळ जागांचे २०१७चे नियम जिथे लागू होतात, तिथे सरासरी उच्च पूरपातळीपासून ५० मीटरच्या आत बोटीच्या धक्क्याखेरीज कायमस्वरूपी बांधकाम चालत नाही. ‘आमचं तर बंधाऱ्याचं पाणी, आम्हाला नियम नाही’ असं गृहीत धरू नका. नांदूर मधमेश्वरही बंधाऱ्यामुळेच झालेलं पाणी आहे. यातलं काही आडवं आलं तर मंडप वरच्या बांधाजवळ सरकवावा लागेल, किंवा पूर्ण सुटा होणारा, काँक्रीट नसलेला करावा लागेल. खालचं सगळं वाचताना ही अट डोक्यात ठेवा.

आता पाणी. नाशकात पुराचं माप म्हणजे गोदावरीच्या पात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती. पाणी कमरेला लागलं, छातीला लागलं, की शहराला कळतं किती आलंय. तुमच्या दीड एकरातही असाच एक मारुती उभा करायचा. पाच बांबू घ्या, अर्ध्या अर्ध्या फुटावर ऑइलपेंटचे पट्टे मारा आणि मे अखेरीस रोवून टाका: एक बांधाजवळ, एक नदीकडच्या टोकाला, तीन मध्ये. पाचांचेही शून्य पट्टे लेव्हल ट्यूबने, म्हणजे पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने, एका पातळीत आणा. नाहीतर पाच बांबूंची पाच वेगळी मापं निघतात आणि त्यांचा ताळमेळ लागत नाही. जून ते ऑक्टोबर दर पंधरवड्याला आणि गंगापूर-दारणा धरणांतून पाणी सोडलं की दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा लिहा. २०१९चं पाणी कुठवर होतं ते गावात विचारा. लोक विहिरीचा कठडा, देवळाची पायरी, गोठ्याची भिंत अशा खुणा अचूक दाखवतात. हाताने ‘एवढं होतं’ म्हणून दाखवलेलं मात्र दर वर्षी थोडं वाढतं.

यातून दोन आकडे निघतात, नेहमीच्या वर्षाची पातळी आणि मोठ्या पुराची. मंडपाचं तळ मोठ्या पुराच्या वर न्यायचं की नाही, हा पहिला खरा निर्णय. माझं मत स्पष्ट आहे, न्यायचं नाही. छातीच्या वरच्या पाण्यावर तळ न्यायचं म्हणजे जमिनीपासून सहा-सात फूट. तिथे चढायला आठ-दहा पायऱ्या, भोवती कठडा, आणि बसलेला माणूस पाण्यापासून एवढा उंच की माळ्यावर बसल्यासारखं वाटतं. तुम्हाला हवी ती शांतता पाण्याजवळ आहे. म्हणून तळ नेहमीच्या पातळीच्या दीड फूट वर ठेवा. तुमच्या सांगण्याप्रमाणे नेहमीचं पाणी दोन फूट धरलं, तर जमिनीपासून साडेतीन फूट. मोठ्या पुरात ते बुडेल. बुडूनही टिकेल असं ते बांधायचं.

तरंगत्या मंडपाचं आकर्षण मला कळतं, पण तुमच्या जागेला तो नको. तरंगता मंडप शांत, बांधलेल्या, वर्षभर पाणी असलेल्या तलावात चालतो. तुमच्याकडे डिसेंबरनंतर त्याखालचे तरंगते ड्रम चिखलात रुतून बसतील, तेही तिरके, आणि पुढच्या पुरात सगळे एकाच वेळी सुटणार नाहीत. एक कोपरा वर, एक चिखलात, की फ्रेम पिळते. शिवाय पाणवेली. सायखेड्याच्या पुलाला अडकलेला पाणवेलींचा गालिचा तुम्ही पाहिला असेलच. तो तुमच्या मंडपालाही मिठी मारणार. ढोबळ हिशोब सांगतो. सेकंदाला दीड मीटर वेगाचं पाणी आणि दोन फूट जाड पाणवेल दहा फूट रुंदीवर अडकली, तर तीनशे किलोच्या आसपास आडवा जोर येतो. चौदा फुटांवर चारशेच्या पुढे. म्हणून खांबांवरचाच मंडप, लांब बाजू प्रवाहाच्या दिशेत, प्रवाहाला अंगाची अरुंद बाजू. खांब कमी आणि सुटे. दोन खांबांमध्ये खालच्या बाजूला फुलीच्या कैच्या मारू नका, सगळ्यात आधी कचरा तिथे अडकतो.

पुढच्या हिशोबासाठी दहा बाय चौदा फुटांचा मंडप धरतो, सहा खांब, चहूबाजूंनी तीन फूट वळचण. आठ माणसं ऐसपैस बसतात.

पायासाठी मे महिन्यात, पाणी सगळ्यात खाली असताना, दोन ठिकाणी चाचणीचा खड्डा घ्या. वर काळी माती, तिच्याखाली कधी पिवळसर गाळवट, मग मुरूम, मग काळा पाषाण. मुरूम चार-सहा फुटांत लागला तर नशीब समजा. काळी माती भिजली की फुगते, एप्रिलमध्ये वाळली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरच्या थरात टेकलेला पाया दर वर्षी वर-खाली होतो आणि सहा खांब सहा वेगळ्या मापांनी. त्यामुळे फुटिंग, म्हणजे खांबाखालचा पसरट काँक्रीटचा पाया, मुरमावरच टेकवायचं: साडेतीन फूट बाय साडेतीन फूट, फूटभर जाड, त्यावर दहा इंची चौरस पेडेस्टल, म्हणजे काँक्रीटचा बुटका खांब, तळाच्या तुळईपर्यंत. एम-२५ काँक्रीट, जमिनीत सळईवर तीन इंच कव्हर. खड्डा मुरमाला लागला की त्याच दिवशी पाणी उपसून चार इंच पीसीसी, म्हणजे बिनसळईचं काँक्रीट, घाला. रात्रभर उघडा ठेवला तर मुरूम भिजून मऊ पडतो, आणि दुसऱ्या दिवशी गवंडी त्याच रबडीवर जाळी ठेवतो.

मुरूम दहा फुटांतही लागला नाही तर पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब, घ्यावे लागतील. काळ्या मातीसाठी ‘अंडर-रीम्ड पाइल’ (खालच्या टोकाला फुगा असलेले) घ्या असं कोणीतरी सांगेलच, आणि कोरड्या काळ्या रानात ते बरोबरही आहे. पण पाण्याने भरलेल्या गाळवटीत खालचा फुगा खणतानाच ढासळतो. तिथे केसिंग पाइप घालून सरळ पाइल. हे काम स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीशिवाय करू नका; बाकी मंडप गावच्या सुताराच्या अंदाजाने झाला तरी चालेल.

लोक छपराच्या वजनाची चिंता करतात. उघड्या मंडपात चिंता उलटी असते, छप्पर उडण्याची. नाशिकसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरतात. त्याचा दाब चौरस मीटरला ९० किलोच्या आसपास येतो. गुणक लावले की कमी-जास्त होईल. वळचणीसकट तुमचं छप्पर सोळा बाय वीस फूट, म्हणजे सुमारे ३० चौरस मीटर. वर खेचणारा जोर पावणेतीन टनांच्या घरात आणि गवत-बांबूच्या छपराचं वजन टनभर. उरलेला जोर सहा खांबांत वाटला तर दर खांबाला तीनशे किलोच्या जवळपास. म्हणजे आढ्यापासून फुटिंगपर्यंत प्रत्येक सांधा ओढ सहन करणारा हवा. नुसता वर ठेवलेला किंवा खिळ्याने ठोकलेला चालत नाही. वर सांगितलेलं फुटिंग कोरडं आठशे किलोच्या वर भरतं, पण पाण्यात बुडालं की पाचशेच्या आत येतं. खड्डा लहान करून पैसे वाचवायला निघालात तर हा आकडा आठवा.

एवढ्यात ठरलं ते असं: खांबांवरचा मंडप, लांब बाजू पूर्व-पश्चिम म्हणजे नदीला समांतर, तळ साडेतीन फुटांवर, पाया मुरमावर, छप्पर पायापर्यंत ओढून बांधलेलं. आता तुमच्या आवडीच्या विषयाकडे वळू, निसर्गातून काय घ्यायचं.

सुगरणीचं घरटं घ्या, पण आकार सोडून. बाभळीवरची घरटी जून-जुलैत नीट पाहा. बहुतेक झाडाच्या पूर्वेच्या अंगाला लटकलेली दिसतात, कारण पाऊस आणि वारा नैर्ऋत्येकडून येतो आणि झाडाचा आडोसा मिळतो. पक्ष्याने सोडवलेलं गणित तुमच्या मंडपालाही लागू आहे. नैर्ऋत्येला पाठ द्या. दक्षिण आणि पश्चिम बाजूला चार फूट उंच कारवीचा कुड, शेणमातीने लिंपलेला. उत्तर पूर्ण उघडी, पूर्व अर्धी उघडी. निफाड पट्ट्यात थंडीत पारा पाचाच्या खाली उतरतो आणि पहाटेचा वारा उत्तर-पूर्वेकडून बोचतो, म्हणून पूर्वेच्या उरलेल्या अर्ध्या भागाला गुंडाळता येणारी चटई ठेवा. कुड खांबांना कायमचा बांधू नका. लाकडी खुंट्यांवर टांगा, पुराचा इशारा आला की खुंट्या काढून दोघांनी उचलून बांधावर न्यायचा. कुड तसाच राहिला तर तो पाणवेल अडवतो आणि मघाचा तीनशे किलोचा हिशोब दुप्पट होतो.

नजर उत्तरेला का? उत्तरेकडे पाहताना ऊन जवळजवळ वर्षभर पाठीशी राहतं आणि समोरचं पाणी, बदकं, पाणकणीस उजळलेलं दिसतं. पूर्वेकडे तोंड केलं तर सकाळी सात ते नऊ पाण्यावरची तिरीप थेट डोळ्यांत येते आणि हळदी-कुंकू बदकसुद्धा नुसतं काळं ठिपकं दिसतं. डोळे मिटून बसणार असाल तर पूर्व घ्या, उघडे ठेवून बसणार असाल तर उत्तर. घरात दोन्ही प्रकारची माणसं असतात, म्हणून उत्तर मोठी आणि पूर्व अर्धी.

बसायच्या मापांवर सगळ्यात कमी वेळ दिला जातो, आणि तिथेच मंडप जमतो किंवा फसतो. मांडी घालून बसलेल्या माणसाचे डोळे तळापासून साधारण अडीच फुटांवर येतात. सोळा इंची बाकावर बसलेल्याचे पावणेचार फुटांच्या आसपास. आता तुमच्या दोन्ही नकाशांत भोवती तीन फुटांचं रेलिंग असणार. म्हणजे खाली बसलेल्याच्या डोळ्यांसमोर नेमकी वरची दांडी. तो दिवसभर दांडीचंच ध्यान करणार. उत्तरेच्या कडेला रेलिंगऐवजी खालची एक पायरी काढा: तळापेक्षा चौदा इंच खाली, अडीच फूट रुंद, मंडपाच्या पूर्ण लांबीची. कोणाचा पाय चुकला तर तो पायरीवर येतो, पाण्यात नाही. पायरीवर पाय सोडून बसताही येतं. त्या पायरीच्या बाहेरच्या कडेला जाड लाकडी दांडी, तिचा माथा वरच्या तळापेक्षा सहा-सात इंचांहून वर नको. नातवंडं येत असतील तर वर हुकांना अडकवायची दोरीची जाळी करून ठेवा, एरवी काढून ठेवायची. दक्षिणेला कुडाला लागून बाक, पाठ थोडी बाहेर कललेली, जुन्या देवळांच्या मुखमंडपातल्या कक्षासनासारखी. सिन्नरचं गोंदेश्वर जवळ आहे. तिथल्या बुटक्या भिंती, खांब आणि बाहेरचा उजेड यांचं प्रमाण टेप घेऊन मोजून या. गुडघे दुखणारे बाकावर बसतील आणि खाली बसलेल्यांच्या डोक्यावरून त्यांना पाणी दिसेल. कोणी कोणाच्या आड येत नाही.

वळचण खाली हवी. तळापासून पावणेसहा फूट. कडेपासून चार फूट आत खाली बसलेल्या माणसाला मग क्षितिजापासून पंचवीसेक अंशांपर्यंतचंच आकाश दिसतं. वरचा पांढरा झगझगाट कापला जातो आणि डोळे आपोआप पाण्यावर टेकतात. मंडप ‘शांत’ वाटतो म्हणतात त्यातलं बरंचसं श्रेय या एका मापाचं असतं. फक्त वाटेच्या बाजूला वळचण सव्वासहा फुटांवर घ्या, नाहीतर उंच पाहुणे कपाळ फोडून घेतात. तिथेच छोटी पन्हळही लावा, म्हणजे पागोळ्या येणाऱ्याच्या मानेवर पडणार नाहीत. बाकी तिन्ही बाजूंना पन्हळ नको. पागोळ्या सरळ पाण्यात पडू द्या, त्यांचा आवाज हा तुमच्या मंडपाचा फुकटचा भाग आहे.

लाकूड आणि बांबू. खांब लाकडाचे घ्या, जुन्या वाड्यांचा उतरवलेला साग मिळाला तर उत्तम, पाच इंची चौरस. बांबू छपरात वापरा, खाली नको. पेडेस्टल आणि खांबाचा सांधा एकदा डोळ्यांसमोर आणा. पेडेस्टलचा माथा सपाट न ठेवता चहूबाजूंना उतरता घोटलेला. त्यात ओतताना बसवलेला गॅल्वनाइज्ड लोखंडी शू, इंग्रजी ‘यू’ आकाराचा, त्याचा तळ काँक्रीटपासून दीड इंच वर. खांबाचं टोक त्या शूमध्ये उभं, आडवे १६ मिलिमीटरचे दोन बोल्ट, एकाखाली एक, मध्ये चार इंच. टोकाच्या कापावर, जिथे लाकडाच्या नळ्या उघड्या असतात, गरम जवसाचं तेल पाजून मग डांबराचा हात. पाणी आलं तरी खालून वाहून जातं, वारा लागतो, टोक वाळतं. आता नेहमी होतं ते बघा: खांब थेट काँक्रीटमध्ये गाडतात. लाकूड वाळून आकसतं, भोवती नखभर फट पडते, त्या फटीत पाणी साचतं आणि ते कधीच वाळत नाही. वरून खांब शाबूत दिसतो आणि तीन-चार पावसाळ्यांनी जमिनीच्या पातळीला पिचतो. बांबूचं तर दोन पावसाळ्यांतच होतं.

पेठ-सुरगाण्याकडून भरीव मानवेल घ्या, तीन वर्षांवरची काठी, दिवाळीनंतर माघापर्यंत तोडलेली. ओल्या दिवसांत तोडलेल्या काठीत साखर-पिठूळ जास्त असतं, तेच भुंगेऱ्याचं खाणं. महिन्याभरात खाली पिवळा भुसा पडायला लागतो. शंभर लिटर पाण्यात तीन किलो बोरॅक्स आणि दोन किलो बोरिक ॲसिड. पोकळ काठी असेल तर लांब गजाने आतल्या गाठी फोडून घ्या, मग आठवडाभर बुडवून ठेवा आणि सावलीत उभी करून तीन आठवडे वाळवा. हे मीठ पावसाने धुऊन जातं, म्हणूनच बांबू छपराखालीच. उरलेलं पाणी पाणथळीत ओतू नका. बोरॉनचा डोस चुकला की पानं कशी करपतात हे द्राक्षवाल्यांना सांगायला नको. सांध्याचा बोल्ट गाठीपासून दोन-तीन बोटांवर, गाठीच्या मध्यावर नको आणि दोन गाठींच्या अधे तर अजिबात नको, तिथे काठी उभी चिरते.

छप्पर चौपाखी करा, दुपाखी नको. त्रिकोणी उघड्या तोंडात वारा शिरतो. गवताला उतार ४५ अंश, थर सहा इंचांचा. उतार कमी ठेवला तर पाणी आत मुरतं आणि गवत कुजतं. दर वर्षी मे अखेरीस डागडुजी, चार-पाच वर्षांनी पूर्ण शाकारणी, एवढी तयारी असेल तरच गवत. शेजारी उसाचं रान असेल आणि पाचट पेटवायची पद्धत असेल तर गवताचा विचार सोडा, उडत आलेलं एक जळकं पातं पुरतं. मग मंगळोरी कौलं, तीसेक अंशांचा उतार, आणि वळचणीच्या दोन ओळी तारेने बांधलेल्या. वजन वाढेल, पण उडण्याच्या हिशोबात ते तुमच्या बाजूने आहे. पत्र्यावर गवत अंथरायची युक्ती टाळा. पत्र्याला घाम सुटतो आणि गवत खालून कुजतं. नुसता पत्रा तर पावसात बोलूही देत नाही.

तळाच्या फळ्या सव्वा इंच जाड, चार-पाच इंच रुंद, खालचे वासे सोळा इंचांवर. दोन फळ्यांत आठ-दहा मिलिमीटर फट ठेवा. पूर येतो तेव्हा पाणी खालून वर ढकलतं. फट नसेल तर सगळं तळ एकसंध दारासारखं उचलायला बघतं. खिळे नकोत, स्टेनलेस स्क्रू. लोखंडी खिळ्याभोवती साग काळा पडतो आणि तीन वर्षांत डोकं वर येऊन पायाला लागतं.

आता वाट. पैसा मोजायचाच असेल तर निम्मा पाया आणि वाट यांच्यासाठी बाजूला काढा. मुरूम टाकून भराव करायचा मोह प्रत्येकाला होतो, ट्रॅक्टर दारात असतो. तो एक भराव तुमची पाणथळ दोन डबक्यांत कापतो: एका बाजूला पाणी तुंबून डास, दुसऱ्या बाजूला कोरडं आणि गाजरगवत. वाट खांबांवरच. चार फूट रुंद, सुरुवात शेताच्या बांधावरून, म्हणजे चढ फारसा उरत नाही. जिथे असेल तिथे बारा फुटांना एक फूट, त्याहून उभा नको. सहा इंची पीव्हीसी पाइपात चार सळया घालून काँक्रीट भरलेले खांब, जोडीजोडीने सहा फुटांवर, तीन फूट खोल, खाली दीड फुटी चौरस पॅड. हे खांब काळ्या मातीतच आहेत, तेव्हा थोडे हलणार. हलू द्या. तुळईखाली लाकडी पाचरी ठेवा म्हणजे दर उन्हाळ्यात पातळी जुळवता येते, आणि वाट मंडपाला बोल्टने जोडू नका, इंचभर फट ठेवा. जोडलीत तर हलणारी वाट न हलणाऱ्या मंडपाला ओढत राहते. द्राक्षाच्या जुन्या मांडवाचे अँगल वाटेला वापरावेत असं कोणीतरी सुचवेल. हात धरायच्या दांडीला जरूर वापरा. पायाला नको, पाण्याच्या रेषेला ते आधीच निम्मे गंजलेले असतात.

वाट सरळ काढू नका, दोन वळणं द्या. शोभेसाठी म्हणत नाही. सरळ वाटेवरून चालत येणारा माणूस बदकांना शंभर पावलांवरून दिसतो आणि तुम्ही पोचेपर्यंत समोरचं पाणी रिकामं झालेलं असतं. शेवटच्या वीस फुटांना उत्तरेच्या बाजूने पाणकणीस वाढू द्या किंवा पाच फुटी कुड लावा. आईवडिलांसाठी एका बाजूला दांडी सलग, दुसऱ्या बाजूला तीन इंच उंच कडपट्टी, आणि मधल्या वळणावर टेकायला एक बाक. ओल्या फळीवर शेवाळ धरतं. दर दोन फुटांवर पाव इंच खोल आडव्या खाचा मारून घ्या आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा खराटा.

दिवे लावू नका. फार तर वाटेवर गुडघ्याखाली पिवळसर, बटणाने बंद होणारे. हातात बॅटरी मात्र हवीच. पाणदिवड निरुपद्रवी असली तरी बांधावर घोणस असते. डासांसाठी गप्पी मासे सोडा म्हणून कोणी आणून देईल, ते हौदात ठीक आहेत, नैसर्गिक पाण्यात नकोत. पाणी वाहतं राहिलं आणि चतुर वाढले की बराच उपद्रव कमी होतो, तरी संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ बसायची वेळ धरू नका. बांधाच्या अंगाला वाळुंज, करंज, जांभूळ लावा. उत्तरेला काहीही लावू नका.

कामाचं वेळापत्रक पक्ष्यांकडे बघून ठरवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाहुणे पक्षी असतात, तेव्हा पाणथळीत ठोकाठोक नाही. त्याच काळात बांबू तोडून, बुडवून, वाळवून, छपराची पाखं घरच्या खळ्यात जुळवून घ्या. मार्चच्या मध्यापासून वाट, एप्रिल-मेमध्ये पाया, मे अखेरीस छप्पर; मृगाच्या आत शाकारून मोकळं व्हायचं. पहिल्या वर्षी हे बसणार नाही, कारण पहिला पावसाळा बांबूंवरचे पट्टे वाचण्यात जाणार. जाऊ द्या.

तेव्हा ऑक्टोबर संपताना चार गोष्टी लिहून पाठवा: पाचही बांबूंवरचे आकडे, २०१९ची खूण लेव्हल ट्यूबने मोजून, प्रवाहाची दिशा आणि पाणवेल कुठे अडकून राहते ती जागा. खड्ड्यांत मुरूम किती खोल लागला हे मे महिन्यात कळवा. मग कमळ आणि घरटं, दोन्ही नकाशे कपाटातून काढा. दहा बाय चौदाच्या सहा खांबांवर त्यातलं काय बसतं ते बघू.